वगळलेले तीन आकडे

९ ऑक्टोबर

ती. ताई,

'तीर्थरूप' असं पूर्ण लिहिलं की तू म्हणायचीस, मला एवढ्यात म्हातारी करू नकोस. म्हणून नुसतं 'ती.' लिहिलंय. तुला हवं तसं वाच.

पाकिटावरचं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. फोन तू उचलत नाहीस आणि आईकरवी निरोप पाठवावा तर ती त्याला पदरचं तिखटमीठ लावते. गेल्या महिन्यात मी तिला 'ताईला म्हणावं तब्येतीला जप' एवढंच सांगितलं होतं. तुझ्यापर्यंत पोचेस्तोवर त्याचं 'ती म्हणते तू जाड झालीस' झालं, असं आईनंच नंतर हसत हसत सांगितलं. ते मी म्हटलेलं नाही. हे आधी लिहून टाकते, म्हणजे निदान एक भांडण कमी.

काम निघालं म्हणून लिहितेय. प्रयोगशाळेतला मोठा डीप फ्रीझर, ज्याचं दार लावायला तू कोपर मारायचीस, तो अखेर बाद झाला. नवीन आलाय. जुन्यातलं सामान नव्यात हलवायचं आणि नको ते फेकायचं हे काम माझ्या गळ्यात पडलं, कारण त्या दिवशी मी चहाला उशिरा पोचले आणि मी यायच्या आत सगळ्यांनी माझं नाव सुचवून ठेवलं होतं. तिसऱ्या कप्प्यात अगदी मागे, बर्फात रुतलेला, तुझा निळा खोका निघाला. आत चौसष्ट कुप्या. प्रत्येकीवर तुझं ते टपोरं अक्षर: टाकी कुठली, कितवा तास, तारीख, 'गाळलेला', आणि सगळ्यात खाली बारीक 'जोडी'.

बाकीच्यांच्या कुप्यांवर काय होतं सांगू? एकीवर 'हा', दुसरीवर 'हा पण'. एकीवर नुसतं 'महत्त्वाचं'. कुणाचं आणि कशासाठी, देव जाणे. माझ्या स्वतःच्या नऊ कुप्या निघाल्या, त्यांच्यावर काहीच नव्हतं. त्या मी कुणी बघायच्या आत फेकल्या.

तू टाकीतून नमुना काढलास की त्याचे दोन भाग करायचीस. एक भाग दहापट पातळ करून मशीनवर, दुसरा तसाच, हात न लावता, गाळून फ्रीझरमध्ये. तुला कुणी सांगितलं नव्हतं, नियमात कुठे नव्हतं. मी तुला हसायचे, 'ताई, दुष्काळ पडणार आहे का, एवढी साठवण कशाला?' तू म्हणायचीस, 'माझ्यावर माझाच विश्वास नाही म्हणून.' परवा तो खोका मांडीवर घेऊन बसले तेव्हा बोटं बधिर झाली तरी खाली ठेवावासा वाटेना. इतकं नीटनेटकं काम आपल्या घरातल्या माणसाचं आहे, याचं फार बरं वाटलं. आभार मानायचे राहिले होते, ते मानते.

विचारायचं हे की या खोक्याचं काय करू? नियमानं दोन वर्षांनी नमुने टाकून द्यायचे. तू इथली नोकरी सोडून याच महिन्यात दोन वर्षं होतात. अहवालात कुणीतरी ते वाक्य घातलं आणि मग सगळंच घाईत झालं, नाहीतर तूच जाताना आवरून गेली असतीस.

बाकी सगळं ठीक. मॅडम अजून तशाच, चष्मा डोक्यावर आणि चष्मा शोधायला सगळी प्रयोगशाळा कामाला. प्रमुख झाल्या तरी त्यात फरक नाही. फेसकाका अजून टाकीपाशीच, दिवसभर फेसावर डोळा ठेवून. डिसेंबरात दहा हजार लिटरची नवी टाकी सुरू होणार आणि ती माझ्या मॉडेलच्या हिशेबानं चालणार, म्हणून सगळे माझ्याशी जरा जपून बोलतात. मला त्याची सवय नाही.

तुमच्या दवाखान्यात रक्त तपासायला तुला कंटाळा येत नाही ना? भावोजींना नमस्कार.

तुझी,
कटकट

१७ ऑक्टोबर

ती. ताई,

उत्तर आलं नाही, म्हणजे 'फेकू नकोस' असा अर्थ मी घेतला. माझ्या सोयीचा अर्थ घ्यायची मला सवय आहेच.

इथे एक भानगड झालीय. पाचशे लिटरच्या टाकीत तीन-चार दिवसांपूर्वी चाचणी लावली. मोठ्या टाकीची रंगीत तालीम म्हण. नेहमीचेच आपले जंतू, साखरेचं पाणी, हवा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ॲसिड तयार, ज्याचं पुढे मातीत विरणारं प्लास्टिक करतात. टाकी सकाळी सहाला लावलेली, म्हणजे तिसावा तास दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला. तुझ्या जागी ज्या नव्या बाई आल्यात त्यांनी नमुने मोजले. दोन मुलांची आई, तुझ्याच वयाच्या, हात चांगला आहे, बोलायला मात्र घाबरतात. तिसाव्या तासाला लिटरमागे एक्केचाळीस ग्रॅम. बत्तिसाव्याला अडतीस. चौतिसाव्याला छत्तीस.

वाचताना थांबलीस ना? मीही थांबले.

मॉडेल म्हणत होतं, बेचाळीसपर्यंत जाईल आणि बेचाळीसवरच राहील. आईला माझं काम तू कसं समजावलं होतंस आठवतं? 'ही संगणकात जंतू पाळते, त्यांना खोटी साखर घालते, ते तिला खोटं ॲसिड देतात आणि मग ती खऱ्या जंतूंवर रागावते.' आईनं ते शेजारीपाजारी सांगितलं. अजून मला कुणीतरी विचारतं, 'तुमचे ते संगणकातले किडे कसे आहेत?' मी तेव्हा फणफणले होते, पण याहून चांगलं मलाही कधी सांगता आलेलं नाही. तेराशे समीकरणं. जंतूच्या पोटात जे गेलं ते कुठून कुठे जातं याचे तेराशे बाण. जेवढं आत तेवढं बाहेर, मधे काही हरवायचं नाही. आणि संगणकाला विचारायचं, यातून जास्तीत जास्त ॲसिड कसं काढशील?

बैठकीत मॅडमनी आकडे पाहिले आणि नव्या बाईंना म्हणाल्या, 'पातळ करताना पाणी जास्त पडलं असेल, डायल्युशन पुन्हा तपासा. दोन वर्षांपूर्वीही असंच झालं होतं.' बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. आणि मी, ताई, तोंड उघडून म्हणणार होते, 'हो, कारण ॲसिड कमी येऊच शकत नाही.' शब्द दातांपर्यंत आले होते. तेवढ्यात दाराशी उभे असलेले फेसकाका म्हणाले, 'तिनंही हेच आकडे सांगितले होते. दोघी मिळून सारख्याच चुकल्या का?'

तू तेव्हा यापेक्षा चांगलं म्हणाली होतीस. 'तीनदा चुकले असेन, पण तीनही वेळा उतरत्या क्रमानं चुकले?' तरी ते तीन आकडे वगळले गेले.

मी बैठकीतून उठून सरळ फ्रीझरपाशी गेले. तुझ्या खोक्यातल्या त्या वेळच्या शेवटच्या तीन तासांच्या कुप्या काढल्या. वितळू दिल्या, स्वतः पातळ केल्या, प्रत्येक वेळी थेंब दोनदा मोजून. मशीनवर चढवल्या आणि तासभर समोर स्टूल घेऊन बसले. ४१.२. ३८. ३५.९.

तू बरोबर होतीस. साखर संपली की जंतू तेच ॲसिड परत आत घेतात आणि खातात. मग मॉडेल उघडून पाहिलं आणि काल मला कळलं की ॲसिडचा पेशीतून बाहेर जाण्याचा बाण एकेरी राहिलाय. परत आत यायला वाटच ठेवलेली नाही. मग मॉडेल कमी कसं दाखवणार?

तू त्या कुप्या ठेवल्या नसत्यास तर आज आणखी एका बाईला घरी जाऊन आपल्याच हातांवर शंका घ्यावी लागली असती. किती आभार मानू, मला कळत नाही.

तुझी,
कटकट

२२ ऑक्टोबर

ताई,

मागच्या दोन पत्रांत मी खोटं लिहिलं. दोन ठिकाणी. आता सगळं एकदम लिहिते, मधे थांबले तर पुन्हा काहीतरी सोयीचं लिहीन.

पहिलं. 'अहवालात कुणीतरी ते वाक्य घातलं' असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. ते कुणीतरी म्हणजे मी. 'शेवटचे तीन आकडे मोजणीतल्या मानवी चुकीमुळे वगळले आहेत.' खाली सही मॅडमची, पण वाक्य माझं, माझ्या संगणकावर, मी टाइप केलेलं. तुला बहुतेक माहीतच असेल. तुझ्याशिवाय मानवी म्हणावं असं त्या मशीनपाशी दुसरं कोण होतं? मी नाव लिहिलं नाही म्हणून स्वतःला चांगली समजत होते.

दुसरं. बाण एकेरी आहे हे मला काल-परवा कळलं नाही. दोन वर्षांपूर्वी कळलं होतं.

त्या दिवशी तू माझ्या टेबलापाशी आलीस, हातात ती तीन आकड्यांची चिठ्ठी, आणि शांतपणे विचारलंस, 'तुझ्या मॉडेलमध्ये ॲसिडला परत आत यायचा बाण आहे का?' मी म्हटलं, 'आहे.' मी बघितलंच नव्हतं. स्क्रीनवरून मानसुद्धा वर केली नाही. 'आहे, तरी मॉडेल तसं दाखवत नाही, म्हणजे तसं होत नाही.' तू माझं ऐकलंस. तुझ्या हातावर शंका घेतली गेली तेव्हा तू भांडलीस, पण माझ्या 'आहे'वर तू भांडली नाहीस, कारण तुझी बहीण खोटं कशाला सांगेल?

मग तू राजीनामा दिलास. 'माझ्या हातावर विश्वास नसेल तर माझा हात इथे कशाला', एवढंच बोललीस. तू गेल्यावर आठव्या दिवशी मी मॉडेल उघडलं, निव्वळ मनाची खात्री करायला. बाण एकेरी. त्याच्याशेजारी माझीच टीप: 'तात्पुरतं. नंतर बघणे.' अगदी सुरुवातीच्या महिन्यात लिहिलेली. बाण दोन्हीकडून उघडा ठेवला की मॉडेल ॲसिड आत-बाहेर, आत-बाहेर फिरवत बसायचं आणि त्यातून फुकटची शक्ती काढायचं. ती गिरकी थांबवायला मी एक दार लावून टाकलं होतं. नंतर बघणे. आमच्या धंद्यात 'तात्पुरतं' लिहिलं की ती गोष्ट कायमची झाली असं समजावं.

मी खिडकी बंद केली आणि चहा प्यायला गेले. तुला फोन करायचा असं ठरवलं. मग वाटलं, आधी मॉडेल दुरुस्त करू, मग फोन. मग वाटलं, एका बाणानं काय होतंय, आता ती रमली असेल तिकडे. मग आईच्या वाढदिवसाला तू माझ्याशी बोलली नाहीस आणि मला ते बरं वाटलं. आता तूच बोलत नाहीस, तर मी कशाला, असं. सातशे तीस दिवसांत सांगायला रोज एक दिवस होता. मी मूग गिळून बसले.

शाळेत असताना मला समीकरणं जुळत नव्हती. तू जेवणाच्या टेबलाशी बसवून शिकवलंस, 'डाव्या हाताला जितके, उजव्या हाताला तितके, मधे कुणी पळून जात नाही.' आज मी जे काही करते ते सगळं त्या एका वाक्यावर. ते शिकवणाऱ्या बाईला मी हिशेबातून काढून टाकलं.

माफ कर असं लिहायला हात धजत नाही. एवढंच सांगते, सोमवारी बैठक आहे, तिथे सगळं सांगणार आहे. मॅडमसमोर, नव्या बाईंसमोर, फेसकाकांसमोर. आधी तुला सांगितलं. निदान एकदा तरी क्रम बरोबर असावा.

कटकट

५ नोव्हेंबर

ती. ताई,

सांगितलं.

तयारी करून गेले होते. कागदावर मुद्दे होते. उभी राहिले तर मुद्दे राहिले बाजूला आणि तोंडातून निघालं, 'ते वाक्य मी लिहिलं होतं आणि ते चूक आहे हे मला तेव्हापासून माहीत आहे.' नव्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग पडद्यावर मी तो बाण दाखवला, टीप दाखवली, तुझ्या कुप्यांचे आकडे दाखवले.

मॅडमनी चष्मा डोक्यावरून काढून डोळ्यांवर लावला. हे त्या कधी करत नाहीत. म्हणाल्या, 'मग दोन वर्षं काय केलंस?'

मी म्हटलं, 'काही नाही.'

'हेच उत्तर आहे?'

'हो.'

रागावतील असं वाटलं होतं. रागावल्याही, पण आधी स्वतःवर. म्हणाल्या, 'सही माझी होती. मी तिला एकदाही विचारलं नाही, तू पुन्हा मोजशील का म्हणून. मी मॉडेलला विचारलं.' मग माझ्याकडे वळल्या. मोठ्या टाकीचा निर्णय आता माझ्या एकटीच्या हातात राहणार नाही. मॉडेलमध्ये दोनशे सतरा एकेरी बाण आहेत. प्रत्येक बाण एकेरी का, कशाच्या आधारावर, हे मी लिहायचं आणि मॅडमनी तपासून सही करायची. सहा महिने तरी जातील. मला वाटलं होतं त्यापेक्षा हे फार सौम्य आहे. खरं सांगू, जीव भांड्यात पडला. रोज सकाळी मी एक वही घेऊन बसते आणि एकेका बाणाला विचारते, बाबा रे, तू असा का? काही जण चोख उत्तर देतात. काही जण माझ्यासारखेच.

तो बाण आता उघडलाय, गिरकी थांबवायला वेगळी अट घातलीय. उघडल्याबरोबर मॉडेल काय म्हणालं माहितेय? साखर संपली की ॲसिड कमी होणार, एकोणतिसाव्या तासाला टाकी रिकामी करा. मी मोठ्या रुबाबात फेसकाकांना हे सांगायला गेले. ते फेस बघत उभे होते, त्यांनी मान पण वळवली नाही. 'साखर संपली की वास बदलतो. तुझी ताई यायची, झाकणापाशी नाक न्यायची आणि म्हणायची, काका, पोरं आता घरातलं खायला लागली. तुला नाही सांगितलं कधी?' सांगितलं असशील. मी ऐकलं नसेल.

आता ऑफिसचं. जुन्या अहवालाची दुरुस्ती मॅडमनी काढली आहे. वाक्य असं आहे: 'हे तीन आकडे बरोबर होते. ते वगळण्यात आमची चूक झाली.' ज्यांना ज्यांना पहिला अहवाल गेला होता त्या सगळ्यांना हा जाणार. निघण्यापूर्वी तू बघावास असं मॅडमना वाटतं, म्हणून सोबत जोडलाय. वेगळ्या पाकिटात त्यांचं पत्रही आहे, परत येण्याबद्दल. ते मी वाचलेलं नाही. माझ्यासाठी येऊ नकोस आणि माझ्यामुळे येणं टाळूही नकोस. मी समोर नको असेन तर माझं टेबल वरच्या मजल्यावर हलवता येतं, मी विचारून ठेवलंय.

तू बोललीस तरी ठीक, नाही बोललीस तरी ठीक. हे लिहिताना मी रडत नाहीये, सर्दी झालीय.

कटकट

१९ नोव्हेंबर

ती. ताई,

तुझं पत्र आलं. मला नाही, मॅडमना. त्यांनी बैठकीत मोठ्यानं वाचलं. 'दुरुस्ती अजून पाठवू नये. राखीव नमुने माझ्या बहिणीने मोजले आहेत. पूर्वी तिला मी चूक ठरायला हवी होते, आता तिला मी बरोबर ठरायला हवी आहे. दोन्ही वेळा तिच्या मनात उत्तर आधीच होते. कृपया दुसऱ्या कुणाकडून, नमुने कुठले ते न सांगता, मोजून घ्यावेत.'

फेसकाका इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसले, पण कान गरम झाले होते. तुझ्यासाठी एवढी धडपडले, आणि तू मलाच वगळलंस. आणि तेही अगदी बरोबर कारण देऊन.

कुप्यांत अर्धा-अर्धा नमुना उरला होता. मॅडमनी त्यांच्यावर नुसते अ, ब, क चिकटवले, क्रम उलटासुलटा केला, आणि नव्या बाईंना दिले. मला खोलीबाहेर काढलं. मी जिन्यात बसून नखं खाल्ली. ४१. ३८.२. ३६.

दुरुस्ती आज दुपारी गेली.

मॅडम म्हणाल्या की तू नोकरीला नाही म्हटलंयस, पण एक दिवस यायला तयार आहेस. छोटी टाकी एकदा मुद्दाम एकोणतीसच्या पुढे चालू ठेवायची, नमुने तू काढायचे, मोजायचे, आणि आकडे मी लिहायचे. 'तिने लिहावेत. मॉडेल त्या दिवशी बंद ठेवावे. मधे बोलू नये.' शेवटचं वाक्य तुझंच आहे, हे शपथेवर सांगू शकते.

मी बोलणार नाही.

कटकट

११ डिसेंबर

ती. ताई,

परवा काय झालं ते तुला माहीत आहे, तू तिथेच होतीस. पण मला कसं दिसलं ते तुला माहीत नाही. म्हणून हे पत्र.

तू आलीस, दाराशीच पर्स माझ्या हातात दिलीस, जणू कालच गेली होतीस, आणि 'माझा ॲप्रन कुठाय' विचारलंस. 'कशी आहेस' वगैरे काही नाही. मी गप्प होते, कारण बोलू नये असं ठरलं होतं. फेसकाकांनी झाकणापाशी तुला जागा करून दिली. तू नाक नेलंस, डोळे मिटलेस, आणि दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. माझी तेराशे समीकरणं त्या वेळी बंद संगणकात होती, आणि मला पहिल्यांदाच त्यांची आठवण आली नाही.

मग तिसावा तास, बत्तिसावा, चौतिसावा. तुझा हात मी शेजारी उभं राहून असा कधी बघितलाच नव्हता, सहा वर्षं एका छताखाली काम करून. नळी तिरकी धरून पहिला थेंब टाकून देतेस. दोन भाग करतेस, राखीव भाग आधी बंद करतेस, मगच दुसऱ्याला हात लावतेस. नव्या बाई टक लावून बघत होत्या. पडद्यावरून तू आकडा बोलायचीस, मी वहीत लिहायचे. ४०.८. ३८.४. ३६.२. उतरत गेले. तिसऱ्या आकड्याला मला फार आनंद झाला, आणि लगेच तुझं पत्र आठवून मी तो आनंद आवरला.

मॅडमनी सगळ्यांना आत बोलावलं. त्या बोलतील असं वाटलं नव्हतं, पण बोलल्या. या हातानं जे सांगितलं ते आपण ऐकलं नाही, आज सगळ्यांनी पाहिलं, असं काहीतरी. फेसकाका टाळ्या वाजवायच्या बेतात होते. आणि तू मशीनमधून निघालेली छापील पट्टी हातात धरून म्हणालीस, 'एक मिनिट. बत्तिसाव्या तासाचा मी चुकीचा वाचलाय. अडतीस पॉइंट चार नाही, एक आहे.'

कुणाला कळेचना. तू वही ओढलीस. माझ्या अक्षरातल्या ३८.४ वर एक सरळ रेघ मारलीस, खालचा आकडा वाचता येईल अशी. वर ३८.१ लिहिलंस. बाजूला 'वाचताना माझी चूक', सही, तारीख, वेळ. वही परत माझ्यासमोर सरकवलीस आणि मॅडमना म्हणालीस, 'हं, बोला पुढे.'

तुला यात काही विशेष वाटलंही नसेल. दशांश तीनचा फरक. आकडे तरीही उतरतेच राहिले असते, कुणाचं काही बिघडलं नसतं, आणि ती पट्टी तुझ्याशिवाय कुणी बघणारही नव्हतं. दोन वर्षांनी तुझा हात निर्दोष ठरत होता, सगळे तेच बघायला जमले होते, आणि नेमक्या त्याच वेळी तू त्या हाताची चूक सगळ्यांसमोर मांडलीस. अर्धं मिनिट लागलं तुला. मला त्याच अर्ध्या मिनिटाला दोन वर्षं लागली.

नंतर तू चहा प्यायलीस, नव्या बाईंना जोडीचा नमुना कसा ठेवायचा ते दाखवलंस, आणि माझ्या केसांबद्दल जे काही बोललीस ते मी इथे लिहीत नाही. बसमध्ये चढताना 'पत्रं लांबलचक लिहितेस' म्हणालीस. लिहू नकोस असं म्हणाली नाहीस, म्हणून लिहितेय. हा माझ्या सोयीचा अर्थ असेल तर कळव.

मोठी टाकी सोमवारी लावली, मंगळवारी सकाळी अकराला, बरोबर एकोणतिसाव्या तासाला, रिकामी केली. एक्केचाळीस पॉइंट सहा. मोजले नव्या बाईंनी, लिहिले फेसकाकांनी, मी दाराबाहेर.

आज सकाळी बेचाळिसाव्या बाणाशी आले. छोटासा, कोपऱ्यातला, त्यानं काही बिघडलंय असं अजून तरी दिसत नाही. एकेरी का केला होता ते खूप आठवून पाहिलं, कागद शोधले, काही सापडलं नाही. पूर्वी असतं तर मी काहीतरी भारदस्त कारण लिहून पुढे गेले असते. लिहिलं, 'आधार नाही. माझी चूक.' सही केली, तारीख घातली आणि मॅडमकडे न्यायला उठले. दारापर्यंत गेल्यावर लक्षात आलं की वेळ लिहायची राहिली. परत आले, घड्याळ बघितलं, आणि वेळ लिहिली.

तुझी,
कटकट